पावकिलोचा भाव

"भाव कुणी लावलाय?" असं विचारून तो मोबाईल थेट आपल्या नाकासमोर धरायचा. इतका जवळ, की आकडा दिसायच्या ऐवजी नुसता उजेड डोळ्यांत जायचा. आपण मान मागे घेऊन डोळे बारीक करेपर्यंत त्याचं पुढचं वाक्य आलेलं असायचं. "मी लावलाय का? त्यांनीच लावलाय. मग आपण कशाला लाजायचं?"

असा एखादा माणूस तुमच्याही बसमध्ये किंवा तुमच्याही मजल्यावर असेल. माझं दुर्दैव असं, की माझ्या बाबतीत तो दोन्हीकडे होता. रहाटणीत आमची दारं समोरासमोर आणि चाकणला कंपनीही एकच. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मी क्वालिटीत, तो डिस्पॅचमध्ये. सकाळी दार उघडलं की तो, बसमध्ये तो, कॅन्टीनच्या रांगेत तो, आणि संध्याकाळी दाराशी चपला काढताना परत तोच.

सरळच सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. तसं बघायला गेलं तर त्याच्याकडे होतं काय? लातूरकडून आलेला माणूस, भाड्याचं घर, डोक्यावर केस माझ्याहून कमी. पण मोशीच्या पुढे बस ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तो बोलायला लागला की मागच्या सीटवरचे लोक कानातले इअरफोन काढून ठेवायचे. मी बोलायला लागलो की तेच लोक परत कानात घालायचे. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तेव्हा मी उगाच जळत होतो असं कुणी म्हणू नये.

त्याचं एकच वेड होतं. लावलेला भाव म्हणजे लावलेला भाव. काळेवाडीच्या मंडईत पाटीवर वांग्याचा भाव चुकून कालचा राहिला असेल, तर तो कालच्याच भावाने वांगी घेणार. भाजीवाली कुरकुर करायची, तो शांतपणे पाटीकडे बोट दाखवायचा. एकदा एका मॉलमध्ये फिनेलच्या बाटलीखाली एक किंमत आणि बिलात दुसरी. त्याने काउंटरची अख्खी रांग अडवून धरली. मी त्याच रांगेत मागे उभा होतो आणि या माणसाला मी ओळखत नाही असा चेहरा करून छताकडे बघत होतो. शेवटी मॅनेजर आला आणि त्याने पाटीवरच्या किमतीत बाटली दिली. बाहेर आल्यावर बघतो तर याने दोन बाटल्या घेतलेल्या. त्यातली एक माझ्या हातात ठेवून म्हणाला, "घ्या, तुमच्यासाठी पण भांडलो." ती बाटली मला रहाटणीपर्यंत मिरवत आणावी लागली.

आणि मग कुकर. आमच्या नव्या कुकरचं झाकण बिघडलं. जाहिरातीत झाकण बदलून देऊ असं छापलेलं, पण कंपनी दाद देईना. मी एक-दोन फोन केले आणि नाद सोडून दिला. बायको सरळ समोरच्या दारात गेली आणि "भाऊजी, तुम्ही जरा बोला ना" म्हणाली. त्याने आमच्या सोफ्यावर बसून, आमचाच चहा पीत, माझ्याच मोबाईलवरून त्या लोकांना त्यांचीच जाहिरात अशी काही वाचून दाखवली, की आठवड्यात नवं झाकण घरात. तेव्हापासून आमच्याकडे शिट्टी झाली की बायकोला त्याचे गुण आठवायचे. वरण-भात रोजचा, त्यामुळे गुणही रोजचेच.

त्याची बायको चटण्या करायची. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची. माहेरून आणलेल्या लोखंडी खलबत्त्यात कांडून, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये नुसती पूड होते, चटणी होत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि तिची चटणी खाल्ल्यावर ते कुणालाही पटायचं. आमच्या सोसायटीतले लोक विकत घ्यायचे. पण कांडून कांडून वहिनींचे खांदे धरायचे. संध्याकाळी दाराशी उभ्या राहून त्या एका हाताने दुसरा खांदा चोळत बोलायच्या. घरात चालेल असं छोटं कांडप मशीन मिळतं, ते घ्यायचं त्याच्या फार मनात होतं. पण किंमत परवडेना. रोज बसमध्ये बसला की तो आधी त्या मशीनचा भाव उघडून बघायचा आणि मग खिडकीतून बाहेर बघायचा.

एका सकाळी, नाशिक फाटा मागे टाकून बस भोसरीकडे लागली आणि हा चालत्या गाडीत उठून उभा राहिला. एका वेबसाइटवर मशीनच्या किमतीतलं एक शून्य गळालं होतं. हजारांची वस्तू शेकड्यांत. मोबाईल नाकानाकासमोर फिरला, "भाव कुणी लावलाय?" झालं, आणि मग अख्ख्या बसने मशीन मागवलं. ज्यांच्या घरी तिखटसुद्धा पाकिटातलं येतं त्यांनीही मागवलं. मीही मागवलं. मी काही संत नाही.

आमच्या कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तो दिवसभर डिस्पॅचमध्ये शीळ घालत होता म्हणे. शिफ्ट सुटली, लॉकर उघडले, आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मजकूर. किमतीत चूक झाली, ऑर्डर रद्द, पैसे परत, तसदीबद्दल एक कूपन. बसमध्ये हशा पिकला. मी म्हणालो, मला सकाळीच वाटलं होतं. तसं काही वाटलं नव्हतं, पण संधी सोडवेना. कूपनचा मी टी-शर्ट घेतला. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला.

तो मात्र हसला नाही आणि कूपनला त्याने हातही लावला नाही. ऑर्डर पक्की झाली म्हणून कळवलं, पैसे घेतले, आणि मग चूक आठवली, हे त्याला पटेना. मी त्याला समजावलं, अहो भाऊ, कुणीतरी बिचारा आकडे भरत बसलेला असणार, त्याच्या हातून एक शून्य राहिलं, त्यासाठी कंपनीने बुडायचं का? तो म्हणाला, "भाव कमी पडला की म्हणणार चूक. जास्त पडला असता, तर फोन करून पैसे परत दिले असते का ओ?" मागच्या सीटवरून कुणीतरी टाळी वाजवली, ते मला त्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

त्याने ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील नाही, काही नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, रजा टाकून पुण्याला जायचा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळी कहाणी व्हायची, आणि घरी आलो की बायको मला तीच कहाणी परत सांगायची, कारण तिने ती वहिनींकडून ऐकलेली असायची. वर म्हणायची, "माणसात धमक पाहिजे." माझ्याकडे न बघता म्हणायची. बघून म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

निकाल लागला तो असा. किंमत इतकी उघड चुकीची होती की बघणाऱ्याला ते कळायला हवं होतं, म्हणून त्या किमतीत मशीन द्यायला कंपनी बांधील नाही. मात्र पक्की झालेली ऑर्डर अशी मोडल्याने मनस्ताप झाला, त्याची थोडी भरपाई द्यावी. बसमधल्यांनी त्याला पेढे मागितले. त्याने आणलेही, पण वाटताना म्हणाला, "भरपाई मिळाली बगा. मशीन न्हाई मिळालं." मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तेही सरकारी कागदावर. भरपाईत मशीन येण्यासारखं नव्हतंच. वहिनी खलबत्ताच वापरत राहिल्या.

त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फराळाच्या जाहिराती पडायला लागल्या, तेव्हा त्यानेही ठरवलं की यंदा चटण्यांची रीतसर यादी टाकायची, फोटोसकट. पहिल्या शिफ्टला निघायच्या घाईत तो मोबाईल घेऊन बसला आणि वहिनी गॅसपाशी डबा भरता भरता भाव सांगत गेल्या. त्यांच्याकडे चटणीचा भाव पावकिलोवर सांगतात. गावाकडे बाजारात कुणी किलोचा भाव विचारतच नाही, कारण किलोभर चटणी घेणार कोण? वहिनींनी तसेच सांगितले. हा डिस्पॅचचा माणूस. याच्या हाताला एकच सवय, मालासमोर वजन भरायचं ते किलोत. शेंगदाणा चटणी, एक किलो, आणि पुढे पावकिलोचा भाव. कारळाचं तेच, जवसाचं तेच. यादी ग्रुपवर टाकली, डबा घेतला, बसमध्ये चढला, आणि गेटवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवला.

शिफ्ट सुटली तेव्हा ग्रुपवर ऑर्डरींचा पाऊस पडलेला. आमच्या इमारतीतले, शेजारच्या इमारतीतले, कधी जिन्यात भेटल्यावर मानही न हलवणारे. कुणी दोन किलो, कुणी पाच. कितीतरी जणांनी पैसेही पाठवून दिलेले. तो खूश होऊन आकडे वाचत होता. मी त्याच्या शेजारी बसून माझ्या मोबाईलवर तीच यादी बघत होतो, आणि क्वालिटीतल्या माणसाच्या नजरेला काय दिसायचं ते दिसलं. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी खोकलो.

"भाऊ," मी म्हणालो, "पावकिलोचा भाव किलोला पडलाय."

त्याने यादी पाहिली. मग मोबाईल उचलून स्वतःच्याच नाकासमोर धरला, जसा आमच्या समोर धरायचा तसा. मागच्या सीटवरून आवाज आला, "भाऊ, भाव कुणी लावलाय?" ज्याने विचारलं त्याचं मशीनही रद्द झालेलं होतं. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला त्याचं उत्तर ऐकायचं होतं. 'चूक झाली' हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी आतुर झालो होतो. त्या कंपनीचेच शब्द.

"मी लावलाय," तो म्हणाला, आणि मोबाईल खिशात ठेवला.

स्टॉपवर उतरून घरी चालत येताना मी त्याला अगदी मनापासून सल्ला दिला. म्हटलं, ग्रुपवर एक ओळ टाका, कुणीही समजून घेईल. आणि तुमच्याच निकालात लिहिलंय की, उघड चूक असेल तर माल द्यायची सक्ती नाही. आयोग तुमच्या बाजूने आहे आता. तो रस्त्याकडे बघत चालत होता. इमारतीच्या गेटशी थांबला आणि म्हणाला, "तुमी म्हणताव ते खरंय. लोक ऐकतील. पण मग त्या कंपनीनं काय वेगळं केलतं?"

वर आलो तर त्याचं दार उघडंच होतं आणि वहिनींचा चेहरा फुललेला. दिवसभर मोबाईल वाजत होता आणि त्या बाईंना वाटत होतं की आपली चटणी एवढी आवडली लोकांना. त्यांनी शेंगदाण्याचं पोतं मागवून ठेवलं होतं. त्याने दारातच, खांद्यावरची बॅगसुद्धा न काढता, त्यांना काय झालं ते सांगितलं. मी माझ्या कुलपात किल्ली फिरवत उभा होतो. दार केव्हाच उघडलं होतं, तरी फिरवत होतो. वहिनींच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाव तुमी लावलाव. हात माझे हायत."

एवढं ऐकल्यावर मला वाटलं, आता संपलं. आता हा ग्रुपवर ती ओळ टाकणार. मी घरात जाऊन मोबाईल समोर ठेवून बसलो. ओळ काही आली नाही. आला तो दाणकन आवाज. दार उघडून बघतो तर दोन्ही दारांच्या मधल्या जागेत, बनियनवर, मांडी घालून हा बसलेला, आणि पुढ्यात खलबत्ता.

दिवाळीला गावी जायची त्याने रजा टाकली होती. गावी जाणं रद्द केलं आणि रजेचे सगळे दिवस तो तिथं बसून कांडत राहिला. त्याला काही येत नव्हतं. पहिली चटणी वहिनींनी चिमटीत धरून बघितली आणि बाजूला सारली. म्हणाल्या, ही पूड झाली, परत. दुसरीला मीठ वर राहिलं. त्या खुर्ची घेऊन दारात बसल्या आणि तिथून सांगत राहिल्या, जरा दाबून, एवढा जोर नको, आता लसूण, थांबा, तेल सुटू द्या. एवढ्या वर्षांत मी त्या बाईंना असं निवांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी क्वालिटीत आयुष्य काढलं, पण माल असा तोंडावर परत करायची हिंमत माझ्यात नाही. तो मात्र मुकाट्याने परत कांडायचा. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली, तेव्हा वहिनींनी त्यांनाही वाटीभर पाठवली.

काही लोकांच्या चूक लक्षात आली होती. माझ्या बायकोच्या तर आलीच होती. तिने दोन किलो सांगितली होती आणि पैसे पावकिलोच्या हिशोबाने पूर्ण दिले. त्याने वरचे पैसे परत आणून आमच्या फ्रीजवर ठेवले. म्हणाला, "ताई, भाव मी लावलाय." ज्याने सगळ्यात जास्त चटणी उचलली त्याने नंतर तिखट कमी आहे म्हणून कळवलं. त्यालाही याने सॉरी लिहिलं.

पण मला आठवते ती एकच संध्याकाळ. त्याच्या तळहाताला फोड आले होते, कापडाची पट्टी गुंडाळून तो कांडत होता. घामाने बनियन भिजलेला. शेंगदाण्याचा आणि लसणाचा वास जिनाभर पसरलेला. वहिनी सूचना द्यायच्या थांबल्या होत्या. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. राग नव्हता आणि कौतुक म्हणावं असंही नव्हतं. आपलं माणूस आपल्याला अजून नवीन दिसू शकतं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. माझी बायको आमच्या दारात उभी राहून त्या दोघांकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. माझ्याकडे कधी कुणी असं बघितलेलं नाही. पगारावर, प्रमोशनवर, दुसऱ्याच्या नव्या गाडीवर मी आयुष्यभर जळलो, पण ते सगळं त्या संध्याकाळपुढे काहीच नव्हतं.

मी पुढे गेलो आणि त्याच्या हातातून बत्ता घेतला. म्हटलं, सरका जरा. तो सरकला. मी कांडायला लागलो. मान वर न करता चोरून पाहिलं, बायको बघतेय का? ती वहिनींनी दिलेली चटणी चाखत होती.

पुढच्या वर्षी कंपनीने डिस्पॅचचं काम परराज्यातल्या गोदामात हलवलं. तिकडे चला नाहीतर हिशोब घ्या, असं सांगितलं. त्याने हिशोब घेतला आणि दोघं लातूरला परत गेले. टेम्पो भरून निघताना तो मला एवढंच म्हणाला की कुकरच्या झाकणाची पावती जपून ठेवा. आता समोर दोन आयटीवाले राहतात. त्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि त्यांचं सगळं सामान बाहेरूनच येतं. बसमध्ये हल्ली सगळेच कानात घालून बसतात. मला वाटलं होतं, तो गेल्यावर मला बोलायला जागा होईल. जागा आहे, पण ऐकायला कोणी नाही.

या दिवाळीत बायकोने दुकानातून शेंगदाण्याची चटणी आणली. संध्याकाळी चहा घेताना तिने ती पोळीला लावून खाल्ली, आणि बरणी परत बंद करून ठेवली. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, की त्या वेळी भाऊजींच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी म्हणालो, "त्यात काय? सरळ लिहिलं असतं, चूक झाली म्हणून. लोकांनी समजून घेतलं असतं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला समजून घेतलं असतं." आणि कप उचलून आत गेली.